खाली ठेवलेला पेला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. मक्केला काबागृहासमोर उभा होतो, तेव्हाही शब्द तोंडातून फुटला नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं कारण अगदीच फुटकळ आहे. काल नातसुनेने दिवाणखान्यातलं काचेचं कपाट पुसलं आणि आतली पितळी किटली परत ठेवताना तिची चोच भिंतीकडे केली. एवढंच. दुपारभरात मी चारदा त्या कपाटापाशी गेलो, आणि चारदा ती सरळ न करता परत आलो. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला एका किटलीने असं येरझाऱ्या घालायला लावावं?

ही किटली आमच्या सगळ्या गावाला ठाऊक आहे. गाव रत्नागिरीच्या खाडीकाठचं. आमच्याकडे कुणी आलं की आधी चहा, मग किटली. "कुवेतच्या एका अरबाने दिली. आम्ही तिथे वाळवंटात फुकट सेवा करायचो. त्याच्या नातीचे डोळे वाचवले, म्हणून त्याने घरातली सगळ्यात लाडकी वस्तू काढून दिली." हे मी इतक्यांदा बोललोय की आता ते माझ्यावाचूनही चालतं. मुलगा सांगतो, नातू इंग्रजीत सांगतो. शाळेच्या हेडमास्तरांनी तर एकदा झेंडावंदनाच्या भाषणात सांगितलं, आणि मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, विनय.

त्यात खरं काय आहे? कुवेत खरं. अरब खरा. किटली तर समोरच आहे.

थांबा. सुरुवातीपासून सांगतो. नाहीतर मी नेहमीसारखा मधूनच वाट काढून निसटेन, त्यात माझा हातखंडा आहे.

छप्पन साली मी बोटीने कुवेतला गेलो. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर होतो. शुक्रवारी सुट्टी. तिथे डॉक्टर साठेबाई भेटल्या. पुण्याच्या, बायकांच्या दवाखान्यात नोकरीला, स्वभावाने करड्या, पण आतून लोणी. त्यांच्या डोक्यात आलं की सुट्टीच्या दिवशी जहऱ्याला जाऊन लोकांना औषधपाणी करावं. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पगार देणार नव्हतं. त्यांना एक कंपाउंडर हवा होता, तो मी झालो. आणि गाडी हवी होती, ती हसनमियाँने आणली. हसनमियाँ माझ्याच तालुक्यातला, एका व्यापाऱ्याचं वानेट चालवायचा. पिकअपला तिथे वानेट म्हणतात.

जहरा तेव्हा खेडंच होतं. शहराच्या पश्चिमेला, तासाभराच्या धुळीच्या वाटेवर. खजुराच्या बागा, मातीची घरं, विहिरी, मुळ्याचे आणि लसूणघासाचे वाफे, आणि भोवतीने भटक्या बदूंचे काळे तंबू. आम्ही तिघं तिथे परकेच. भाषा तोडकीमोडकी, कपडे वेगळे, आणि आम्ही का येतो हे त्यांना बरेच दिवस कळलं नव्हतं. खुपऱ्यांनी चिकटलेले डोळे कोमट पाण्याने धुवायचे, मलम घालायचं, गळवं फोडून बांधायची, देवीची लस टोचायची. बायका-मुलं डॉक्टरबाईंकडे, पुरुष माझ्याकडे. दुपारी जुम्याचा नमाज मी त्यांच्याच मशिदीत पढायचो. संध्याकाळी दाढीत, पापण्यांत वाळू घेऊन परत यायचो, आणि रविवारी घरी पत्र टाकायचो. त्या पत्रांत डॉक्टरबाई फार कमी असायच्या. "मी अमुक केलं, मी तमुक केलं." वडील ती पत्रं मशिदीच्या ओट्यावर वाचून दाखवायचे.

एक गोष्ट सांगू? फुकट सेवा करणाऱ्या माणसाला एक भूक असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. पगार नको म्हणतो ना आपण, मग त्याच्या जागी दुसरं काहीतरी हवं असतं. कुणीतरी हात धरावा, डोळे भरून यावेत, नाव घ्यावं. ते सगळं डॉक्टरबाईंना मिळायचं. बायका त्यांच्या डोक्याचं चुंबन घ्यायच्या, दह्याचे बुधले आणून द्यायच्या, खजूर द्यायच्या. त्या बुधल्यांना धरून वानेटच्या मागच्या बाजूला मी बसायचो. मला कुणी वाईट वागवलं नाही. पण मी बॅग उचलणारा हिंदी होतो, आणि चार वर्षं झाली तरी बॅग उचलणारा हिंदीच राहिलो. हे मला खुपायचं. रोज नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी हमखास.

आता बू सालेम.

बू सालेम म्हणजे सालेमचा बाप. त्यांना सगळे याच नावाने हाक मारायचे. सालेम मोत्यांच्या बोटीवर गेला तो परत आला नाही, पण नाव राहिलं. सत्तरीचा उंच माणूस, एका डोळ्यात फूल पडलेलं. घरात विधवा सून आणि तिची मुलगी नूरा. बायको मागेच वारलेली. मातीच्या घरापुढे त्यांनी काळा तंबू ठेवला होता, पाहुण्यांसाठी. तंबूच्या मधोमध विस्तव, आणि विस्तवाशी दोन किटल्या. एक मोठी, काजळलेली, कहवा म्हणजे त्यांची कॉफी उकळायची. दुसरी लहान, पितळी, कहवा ओतायची. तिथे तिला दल्ला म्हणतात. दीड वीत उंच, कंबर बारीक, चोच लांब. मुठीला चामडं शिवलेलं होतं, ते त्यांच्या बायकोच्या हातचं. चोचीत खजुराच्या झाडाचा काथ्या कोंबलेला असायचा, म्हणजे वेलचीचा चोथा पेल्यात येत नाही. आमच्याकडे नारळाचा काथ्या असतो तसाच, जरा राठ.

अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरीच्या नमाजानंतर आजूबाजूचे पुरुष तिथे जमायचे. बू सालेम गरीब होते, अगदी खरे गरीब. पण त्या विस्तवामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. भांडणं तिथे मिटायची, लग्नं तिथे ठरायची. शेजारचा मतलक बागवाला त्यांच्यापेक्षा कितीतरी सधन, त्याच्याकडे तीन-तीन किटल्या, पण माणसं जायची ती बू सालेमकडे.

डॉक्टरबाई आत नूराचे डोळे बघायच्या. दर शुक्रवारी, जवळजवळ वर्षभर. त्या मुलीचे डोळे वाचले ते त्यांच्या हातून, हेही इथेच सांगून टाकतो. मी मलमाची डबी उघडून दारापर्यंत पोचवली, माझा वाटा तेवढाच. बाहेर मी बू सालेमपुढे बसायचो आणि ते मला कहवा द्यायचे. बिनकानाचा छोटा पेला, त्यात घोटभर कडू पाणी. आम्ही गुळाचा चहा पिणारी माणसं. पहिल्यांदा प्यालो तेव्हा काढा आठवला. नको असेल तेव्हा पेला हातात हलवून परत द्यायचा, एवढं पहिल्याच दिवशी हसनमियाँने शिकवलं होतं.

माझ्या बायकोला, सकीनाला, मी जे सांगितलं ते आता ऐका. गावाला सांगितलेली गोष्ट तिला कधी पटली नव्हती. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर एकदा ईदच्या आदल्या दिवशी ती चिंचेने किटली घासत होती. घासता घासता तिने विचारलं, "म्हातारबुवानं बायकोच्या हातचां चामडां असलेली वस्तू अशीच दिली?" बायकांना चामड्याची शिवण दिसते, आपल्याला पितळ दिसतं. मी गडबडलो आणि तिला दुसरी गोष्ट सांगितली. ती अशी. त्यांच्यात एक चाल आहे. पाहुण्याने कहवा न पिता पेला जमिनीवर ठेवला, तर त्याचं काही मागणं आहे असं समजतात. यजमान म्हणतो, "पी, तुझं काम झालं." मग पाहुणा मागतो, आणि यजमानाला नाही म्हणता येत नाही. मला बिचाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कहवा फार कडू झाला होता, मी पेला खाली ठेवला. त्यांनी विचारलं, काय हवं? मी गोंधळलो. कडू लागला म्हणायची लाज वाटली. समोर किटली होती, तिच्याकडे बोट गेलं, आणि त्यांनी ती दिली. अशी फसगत झाली.

सकीना किटली घासत राहिली. मग म्हणाली, "तर मंग परत कां नाय नेऊन दिलांत?"

मी म्हटलं, "त्यांचा अपमान झाला असता."

तिने मान हलवली आणि किटली धुतली. ती या दुसऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवून वारली. मला वाटतं ठेवला. तिने तो विषय परत कधी काढला नाही, आणि मीही तिच्या डोळ्यांत कधी फार वेळ पाहिलं नाही.

बघा, ही दुसरी गोष्ट किती सोयीची आहे. तिच्यात मी थोडा मूर्ख दिसतो, पण मूर्ख दिसण्याने माणसाचं काय जातं? लोक हसतात आणि माफ करतात. इतकी वर्षं मी स्वतःलाही हीच सांगत आलो. कधी कधी रात्री तर ती मला खरीच वाटायची.

पण मला ती चाल ठाऊक होती.

झालं लिहून.

मला ठाऊक होतं, कारण त्याआधी काही महिने मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच तंबूत. मतलकच्या भाच्याच्या हातून बू सालेमच्या नात्यातल्या एका माणसाचा उंट मेला होता आणि दोन घरांतलं बोलणं बंद होतं. एका शुक्रवारी मतलक आला, बसला, पेला घेतला आणि तोंडाला न लावता पुढे वाळूवर ठेवला. सगळ्यांच्या माना त्या पेल्याकडे वळल्या. मी हसनमियाँकडे पाहिलं. तो माझ्या कानाशी पुटपुटला, "आता बघ, म्हाताऱ्याला नाय म्हणता येणार नाय. पेला खाली ठेवलान म्हणजे मागणां हाय. ह्या पेल्यावर हे लोक खूनसुद्धा माफ करून घेतात." बू सालेम म्हणाले, "पी, तुझं काम झालं." मतलकने उंटाची माफी मागितली, ती मिळाली, आणि सगळ्यांनी कहवा घेतला. शहरात परतल्यावर मी हसनमियाँला खोदून खोदून विचारलं. काहीही मागता येतं? कुणीही मागू शकतो? परकासुद्धा? त्याला माझी चौकस बुद्धी आवडली.

मग मला घरून पत्र आलं. चार वर्षांनी मी पहिल्यांदा रजेवर जाणार होतो, आणि जमातीने ठरवलं होतं की माझा सत्कार करायचा. परमुलखात दीनदुबळ्यांची सेवा करणारा गावचा मुलगा, वगैरे. वडिलांनी खाली लिहिलं होतं, तिथल्या लोकांनी काही मानपत्र दिलं असेल तर सोबत आण, लोकांना दाखवता येईल. मानपत्र? जहऱ्याला कुणाला लिहिता येत होतं? माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. चार वर्षं, आणि हातात काही नाही. मी ती चिठ्ठी दहा वेळा वाचली आणि दहाही वेळा माझ्या डोळ्यांपुढे तीच किटली आली.

आता त्या दिवसाचं. मी वेळ निवडून काढली, हेही सांगायलाच हवं. एकट्यात मागितलं असतं तर कदाचित त्यांनी हसून टाळलं असतं, आणि मलाही मग थट्टेवारी नेता आलं असतं. म्हणून अस्रनंतर, चारचौघं बसलेले असताना मी गेलो. मतलक होता, आणखी तिघं होते, हसनमियाँ दाराशी टेकून उभा होता. बू सालेमनी पेला भरून दिला. मी तो घेतला. वाफ नाकाला लागली, वेलचीची. आणि मी वाकून तो वाळूवर ठेवला.

त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं सांगू? आनंद आला. या परक्या माणसाने चार वर्षांत काही मागितलं नव्हतं, आणि आज आमच्या रीतीने मागतोय, असा आनंद. इतरांकडे त्यांनी अभिमानाने पाहिलंसुद्धा. "पी, माझ्या लेका," ते म्हणाले, "तुझं काम झालं." त्यांना वाटलं असेल, मला काही अडचण आहे. कुणाकडे शब्द टाकायचाय, कुणाला भेटवायचंय.

मी किटलीकडे बोट केलं.

मतलक हसला. त्याला वाटलं थट्टा. मग त्याने माझं तोंड पाहिलं आणि हसणं आवरलं. बू सालेमनी पुढे वाकून किटली उचलली. मग त्यांनी किटलीतला उरलेला कहवा विस्तवाच्या कडेला ओतला, पाण्याने ती विसळली, आपल्या बाहीने पुसली. चामड्याची मूठ दोनदा पुसली. आणि दोन्ही हातांनी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "आता पी."

मी प्यालो. नको, राहू द्या, असं एकदा म्हटलं, पण कसं? जेवणाच्या ताटावर बसून पाहुणा दुसरी पोळी नको म्हणतो, तसं.

डॉक्टरबाई अजून आत बायकांत होत्या; वानेटमध्ये हसनमियाँने गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. शेवटी म्हणाला, "तुला म्हायत होतां." विचारलं नाही त्याने, सांगितलं. मी बाहेर बघत राहिलो. "पुढल्या शुक्रवारी नेऊन ठेव. चुकलां म्हण. मी काय बोलणार नाय." तो खरंच कधी काही बोलला नाही, कुणाजवळही. माणूस गप्प राहूनही किती मोठ्याने बोलू शकतो, ते मला पुढे वर्षभर त्याच्या वानेटमधून जाता-येता कळलं.

मी नेऊन ठेवणार होतो. खरंच? हो, त्या आठवड्यात तीन-चार वेळा तरी ठरवलं. शुक्रवारी फडक्यात गुंडाळून पिशवीत घेतलीही. पण डॉक्टरबाईंनी पिशवीत हात घातला. त्यांना कात्री हवी होती. त्यांनी फडकं सोडलं आणि बघतच राहिल्या.

"ही बू सालेमची ना? त्यांनी दिली तुम्हाला?"

मी म्हटलं, "हो."

"अहो, मला दही-खजूर मिळतात. हे तर घरातलं माणूस मानल्याशिवाय कुणी देत नाही." त्यांनी फडकं परत नीट बांधलं. "मी तुमच्याकडे नीट लक्षच दिलं नाही हो, इतकी वर्षं."

तेच तर हवं होतं मला. चार वर्षांची भूक एका वाक्यात भागली. त्या बाईंनी, ज्यांनी त्या मुलीचे डोळे वाचवले, त्यांनी माझी माफी मागितल्यासारखं केलं, आणि मी ते घेतलं. किटली पिशवीतच राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि त्या दिवसापासून ती उघडायची सोय उरली नाही.

त्याच शुक्रवारी आणखी एक गोष्ट पाहिली. डॉक्टरबाई आत गेल्यावर मी वानेटमधून बँडेजचा गठ्ठा काढत होतो. बू सालेम मतलकच्या बागेच्या दारातून बाहेर आले, घाईघाईने, अंगरख्याखाली काहीतरी धरून. मागच्या बाजूने तंबूत शिरले. मी आत गेलो तेव्हा विस्तवाशी एक दल्ला होती. जरा मोठी, चोच वेगळी. बू सालेमनी तिच्यातून मला कहवा दिला आणि जसं काही ती नेहमी तिथेच असते तसे बसले. मीही तसाच बसलो. पेला संपवला. दुसराही घेतला.

दर शुक्रवारी ते उसनी किटली आणायचे. आमचं वानेट धुळीत दिसलं की निघायचे. माझ्यासाठी. पाहुण्याला कळू नये की त्याच्या मागण्याने घर ओकंबोकं झालंय. आणि बाकीच्या दिवशी? बाकीच्या दिवशी त्यांच्या तंबूत विस्तव पेटेनासा झाला. उकळायच्या काजळलेल्या किटलीतून पाहुण्याला ओतणं त्यांच्यात शोभत नाही, आणि कहवा नाही तर माणसं कशाला बसतील? ती हळूहळू मतलककडे वळली. आमच्या जहऱ्याला जाण्याच्या शेवटच्या महिन्यांत मी बू सालेमनाच मतलकच्या बैठकीत पाहिलं, दाराजवळच्या जागेवर. पेला त्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी यायचा. मी त्यांना सलाम केला, त्यांनी हसून हात छातीवर ठेवला.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. रजा, सत्कार, शाल, हार. मेजावर मधोमध किटली. भाषणात मी म्हणालो, नातीचे डोळे वाचवले म्हणून. ते 'मी' तेव्हा पहिल्यांदा घुसलं, आणि मग निघालं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तो पाषाण मी शालीत गुंडाळलेला. किटली गावी ठेवून मी परत कुवेतला गेलो.

काही वर्षांत जहऱ्याला सरकारी दवाखाना झाला, रस्ता झाला. आमची गरज संपली. डॉक्टरबाई पुण्याला परतल्या. मी शहरातच राहिलो, दवाखाना बदलला, पगार वाढला. पासष्ट-सहासष्ट सालच्या सुमाराला मी हजला निघालो, तिथूनच, बसने.

हजला जाण्याआधी आमच्यात एक रीत आहे. ज्याच्या-त्याच्याकडून बोललं-चुकलं माफ करून घ्यायचं. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करील, पण माणसाचा हक्क माणसानेच माफ करायचा, तिथे वरूनही कुणी मध्ये पडत नाही. मी गावी पत्रं टाकली. ज्यांचं काही वाकडं केलं नव्हतं त्यांचीही माफी मागितली. खोलीतल्या सोबत्यांची मागितली. हसनमियाँकडेही गेलो. त्याने मला मिठी मारली आणि एकच म्हणाला, "वाटेत जहरा लागतो."

बस जहऱ्याला अस्रच्या नमाजासाठी थांबली. अर्धा तास. पाय आपोआप तिकडे वळले, असं लिहिणार होतो. खोटं आहे ते. मी ठरवून गेलो. वाटेने अरबीतली वाक्यं जुळवत गेलो: मला ठाऊक होतं, मी मुद्दाम ठेवला, मला माफ करा. तीनच वाक्यं.

तंबू नव्हता. मातीच्या घराच्या दारात चटईवर बू सालेम बसले होते. दोन्ही डोळे गेलेले. मी सलाम केला आणि त्यांनी आवाजावरून ओळखलं. इतक्या वर्षांनी. हात पुढे करून चाचपत माझा हात धरला, बसवलं. नूरा मोठी झाली होती. तिने काचेच्या पेल्यात चहा आणला, गोड, दाट. बू सालेम ओशाळून म्हणाले, "आता चहाच असतो, लेका. कहवा नाही. माफ कर." आयुष्यभर मला हाच हवा होता, चहा.

त्यांनी किटलीची चौकशी केली. सासरी गेलेल्या मुलीची करावी तशी. बरी आहे ना? विस्तवावर जाते ना रोज? रोज आच लागली नाही तर दल्ला मरते.

मी म्हटलं, "रोज जाते."

रत्नागिरीला काचेच्या कपाटात होती ती. त्या घरात तिने एकदाही विस्तव पाहिला नव्हता, आजवर पाहिलेला नाही. तीन वाक्यं सांगायला आलेला मी चौथंच बोललो.

मग म्हणालो, हजला निघालोय. तेवढं तरी बोललो, पुढचं त्याच्या मागून येईल म्हणून. ते एकदम सरळ बसले. माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, "अल्लाहच्या घरी निघालास, तर आधी मला मोकळं कर. माझ्या छातीवर तुझं एक ओझं आहे." मला वाटलं, आता. आता ते म्हणतील, तू माझा विस्तव विझवलास. मी खरंच तयार होतो. मला ते ऐकायचं होतं.

ते म्हणाले, "तू यायचास तेव्हा मी मतलककडची दल्ला आणून तुला कहवा द्यायचो. आणि माझीच आहे असं भासवायचो. पाहुण्याला फसवलं मी. दर शुक्रवारी. मला माफ कर, लेका."

त्यांचे आंधळे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. नूरा दारात उभी होती. बसचा हॉर्न वाजला. ती तीन वाक्यं माझ्या तोंडात होती, जुळवलेली, व्याकरणासकट.

मी म्हणालो, "माफ केलं."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि माझा हात सोडला. मी बसकडे पळत गेलो. लोकांनी सरकून मला खिडकीशी जागा दिली. गावात मला तेव्हापासून हाजी म्हणतात.

पुढच्या वर्षी हसनमियाँनेच सांगितलं की बू सालेम गेले. आमच्यात म्हणतात, अल्लाहने झाकलेलं माणसाने उघडू नये. मी उघडलं. ज्याच्याकडे मागायचं तो नाही, म्हणून तुमच्याकडे काही मागत नाही. फक्त कपाटासमोर कधी उभे राहिलात आणि घरच्यांनी ती गोष्ट सांगितली, तर खरं तुम्हाला ठाऊक असावं. ती किटली मला कुणी भेट दिली नाही. मी ती मागून घेतली, कळून-सवरून, चारचौघांत. आणि ज्याची घेतली, त्याला मी माफ केलं.